शब्दाचा अर्थ आणि शब्दाची संगत : ‘वर्ड पॉवर मेड ईझी’चे एक उशिरा लिहिलेले परीक्षण

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात स्पर्धा परीक्षांची पुस्तके विकणाऱ्या कोणत्याही दुकानाच्या पायरीवर उभे राहून इंग्रजी शब्दसंग्रहाचे पुस्तक मागितले, तर विक्रेता मान वर न करता ज्या गठ्ठ्याकडे हात नेतो, त्यात नॉर्मन लुईस या अमेरिकन लेखकाचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ बहुधा सर्वांत वर असते. हे पुस्तक प्रथम १९४९ मध्ये निघाले आणि त्याची सुधारित आवृत्ती १९७८ मध्ये आली. इतक्या जुन्या आणि इतक्या खपलेल्या पुस्तकाचे परीक्षण आज लिहिण्याचे कारण एवढेच, की मी ते दोनदा पूर्ण केले आहे. पहिल्यांदा बाविसाव्या वर्षी, मराठी माध्यमातून शिकून नोकरीच्या परीक्षांना बसताना; आणि दुसऱ्यांदा गेल्या वर्षी, पुतणीच्या अभ्यासाला सोबत म्हणून. मधल्या काळात दाव्यांचे आणि कार्यालयांचे कागद मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत आणण्याचे काम मी पोटासाठी करत आलो आहे. त्यामुळे दुसऱ्या वाचनात हे पुस्तक काय देते यापेक्षा काय देत नाही, हे मला जास्त स्पष्ट दिसले.

पहिली प्रत मी पदपथावरून घेतली होती. छपाई पुसट होती, कागद रद्दीसारखा होता, आणि एका प्रकरणाची उत्तरे असलेले पान कोरेच छापले गेले होते. विक्रेत्याकडे परत गेलो, तर त्याने गठ्ठ्यातून दुसरी प्रत काढून दाखवली. तिच्यातही तेच पान कोरे होते. पैसे परत मागण्याची हिंमत तेव्हा नव्हती. ती उत्तरे मी शब्दकोशातून शोधून पेन्सिलीने भरली, आणि आज मागे वळून पाहताना वाटते की पुस्तकातले जेवढे शब्द माझ्या अंगवळणी पडले त्यांत त्या कोऱ्या पानाचे शब्द आघाडीवर आहेत. अर्थात याचा अर्थ नकली प्रत घ्यावी असा नाही.

पुस्तकाची पद्धत सरळ आहे. प्रत्येक प्रकरण एका विषयाभोवती उभे केलेले असते: माणसांचे स्वभाव, डॉक्टर, निरनिराळे व्यावसायिक, शास्त्रज्ञ, खोटे बोलणारे, मित्रांची स्तुती. सुरुवातीला काही छोटी वर्णने येतात आणि प्रत्येक वर्णनाला एक शब्द बांधलेला असतो. मग उच्चार, मग जोड्या लावा, मग होय किंवा नाही असे प्रश्न, मग आठवून लिहा, आणि त्यानंतर त्या शब्दांची मुळे उकलून त्याच मुळांपासून निघालेली आणखी पंधरावीस भावंडे. सर्व उत्तरे लगेच खाली दिलेली असतात. लेखक वाचकाला पुनःपुन्हा बजावतो की शब्द मोठ्याने उच्चारा, हाताने लिहा, रोज ठरावीक वेळ द्या आणि मधली पाने गाळू नका. जुन्या मास्तरांनी पाढे म्हणून घ्यावेत तसा हा घोकून घेण्याचा प्रकार आहे, परंतु त्यात कंटाळा येत नाही, कारण तोच शब्द दर वेळी वेगळ्या दाराने आत येतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्यांच्या घरातल्या दोन पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्यांना ही शिस्त ओळखीची वाटेल.

मराठी वाचकाला या पुस्तकातले डॉक्टरांचे प्रकरण सर्वांत सोपे जायला हवे, कारण त्याची अर्धी उत्तरे आपल्या गावातल्या पाट्यांवर लिहिलेली असतात. बालरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, त्वचारोगतज्ज्ञ, नेत्ररोगतज्ज्ञ हे शब्द आपल्याकडे चौथीतल्या मुलालाही फोडून सांगता येतात. इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला मात्र डर्मॅटॉलॉजिस्ट या शब्दात त्वचा कुठे आहे हे कळण्यासाठी थोडे ग्रीक शिकावे लागते, आणि लुईस यांचे पुस्तक नेमके तेवढे ग्रीक शिकवते. ‘पेडिॲट्रिशियन’मध्ये ‘पाइस’ म्हणजे मूल आणि ‘इयात्रोस’ म्हणजे वैद्य. ‘ऑब्स्टेट्रिशियन’मध्ये प्रसूत होणाऱ्या बाईच्या समोर उभी राहणारी लॅटिन सुईण. एकदा ही फोड कळली की ‘सायकिॲट्रिस्ट’ आणि ‘जेरिॲट्रिक्स’ यांतला वैद्य आपोआप दिसू लागतो.

या प्रकरणातला माझा आवडता शब्द ‘ऑर्थोपेडिस्ट’ आहे. आपण त्याला अस्थिरोगतज्ज्ञ म्हणतो, त्यामुळे इंग्रजी शब्दातही हाड असणार असे आपण धरून चालतो. ज्यांना ‘पेडल’ आणि ‘पेडेस्ट्रियन’ हे शब्द माहीत असतात ते त्यात पाय शोधतात. प्रत्यक्षात त्यात हाडही नाही आणि पायही नाही. ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ आणि ‘पाइस’ म्हणजे तेच वर आलेले मूल. निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने १७४१ मध्ये मुलांच्या शरीरातली व्यंगे सरळ करण्याच्या विद्येला हे नाव दिले, आणि पुढे मुले मागे पडून हाडे तेवढी उरली. असा एखादा शब्द समजल्यावर तो विसरायचा म्हटले तरी विसरता येत नाही. शब्दांच्या याद्या पाठ करायला लावणारी पुस्तके आणि हे पुस्तक यांतला फरक इथे आहे.

दुसऱ्या वाचनात मला आणखी एक गोष्ट सापडली, जी पुस्तकात नाही, परंतु मराठी वाचकाच्या हाती आयती आहे. लेखकाचा सगळा भर ग्रीक आणि लॅटिन मुळांवर आहे. संस्कृत ही या दोन्ही भाषांची बहीण असल्याचे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे सांगितले, त्याला आता जवळजवळ अडीचशे वर्षे होतील. तरी इंग्रजी शब्द पाठ करताना आपण हे नाते वापरत नाही. पुस्तकाचे पहिले शब्दप्रकरणच घ्या. ‘इगोइस्ट’मधला लॅटिन ‘इगो’ म्हणजे आपला ‘अहम्’. ‘इंट्रोव्हर्ट’मधले ‘व्हर्ट’ म्हणजे वळणे, आणि ते ‘वृत्’ या धातूचे भावंड आहे, ज्यापासून वर्तन, वृत्ती, आवृत्ती आणि परिवर्तन हे शब्द आपण रोज वापरतो. ‘ॲम्बिव्हर्ट’मधल्या ‘ॲम्बि’चे नाते ‘उभय’ या शब्दातल्या ‘उभ’शी लागते. पुढे दातांच्या डॉक्टरात ‘दंत’ भेटतो, पायांच्या डॉक्टरात ‘पद’ भेटतो, वार्धक्याचा अभ्यास करणाऱ्या ‘जेरन्टॉलॉजिस्ट’मध्ये ‘जरा’ भेटते आणि ‘न्यूरॉलॉजिस्ट’मध्ये चक्क ‘स्नायू’ भेटतो, कारण ग्रीकांच्या ‘न्यूरॉन’चा जुना अर्थ स्नायुबंध असाच होता. ‘मॅग्नॅनिमस’ हा शब्द फोडला की मोठे मन एवढेच उरते. आपण त्याला महामना म्हणतो आणि त्यातला ‘महा’ व ‘मॅग्ना’ एकाच मुळाचे आहेत.

पुतणीला मी वहीत तिसरा रकाना आखायला सांगितला: पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात लेखकाने दिलेले मूळ आणि तिसऱ्यात त्या मुळाचा संस्कृत किंवा मराठी नातेवाईक, असला तर. सगळ्यांना तो नसतो आणि ओढूनताणून लावूही नये, कारण दिसायला सारखे असलेले शब्द नात्यातले असतातच असे नाही. पण जिथे लागतो तिथे शब्द पाठ करण्याचे काम निम्म्याने हलके होते. एखाद्या मराठी प्रकाशकाने या पुस्तकाला जोड म्हणून चाळीस पानांची अशी पुस्तिका काढली, तर मी पहिली प्रत घेईन.

आता दुसरी बाजू. मुळावरून अर्थ लक्षात राहतो हे खरे, परंतु मूळ म्हणजे अर्थ नव्हे, आणि पुस्तकाच्या भरात वाचकाला हे भान राहत नाही. आपल्याला हे समजायला लांब जायला नको. ‘शिक्षा’ हा शब्द संस्कृतात आणि हिंदीत शिक्षणाचा आहे. मराठी शाळेत मात्र शिक्षा म्हटले की छडी आठवते. हिंदी माणूस ‘चेष्टा’ करतो तेव्हा तो प्रयत्न करत असतो आणि मराठी माणूस करतो तेव्हा कुणाची तरी थट्टा. इंग्रजीतला ‘नाइस’ ज्या लॅटिन शब्दातून आला त्याचा अर्थ अडाणी असा होता. खुद्द या पुस्तकातले उदाहरण ‘इग्रीजस’चे आहे. ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप, आणि ‘इग्रीजस’ म्हणजे कळपातून उठून दिसणारा. एके काळी ही स्तुती होती. आज हा शब्द ढळढळीत चुकीला, उघड अन्यायाला आणि निर्लज्ज खोटेपणाला लावतात. मुळावर विसंबून एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या गुरुजींना इग्रीजस म्हटले, तर त्याने व्युत्पत्ती बरोबर लावली असेल आणि तरीही घोळ घातला असेल.

‘मिसॅन्थ्रोप’च्या बाबतीत मला उलटा अनुभव आला. द्वेष अधिक माणूस, अशी त्याची फोड वाचताच माझ्या तोंडून ‘माणूसघाणा’ हा शब्द निघाला आणि इतका नेमका मराठी शब्द मिळाल्याच्या आनंदात मी तो वहीत लिहून टाकला. काही दिवसांनी लक्षात आले की आपण माणूसघाणा कुणाला म्हणतो? जो लग्नाकार्याला येत नाही, पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसतो, त्याला. त्याला माणसांचा द्वेष असतोच असे नाही. बऱ्याचदा तो बिचारा नुसता इंट्रोव्हर्ट असतो. मानवजातच नालायक आहे असे ठाम मत बाळगणारा मिसॅन्थ्रोप चारचौघांत मिसळून, पंगतीत बसून, सगळ्यांशी हसून बोलूनही मिसॅन्थ्रोप राहू शकतो. एका शब्दाला एक प्रतिशब्द लिहून वही बंद करणाऱ्यांची फसगत इथे होते, आणि पुस्तकातल्या ‘जोड्या लावा’ या प्रश्नांमुळे ही सवय नकळत पक्की होते.

सर्वांत रंगतदार प्रकरण खोटे बोलणाऱ्यांचे आहे. त्यात खोटारड्याला लावायची दहा विशेषणे दिली आहेत: नोटोरियस, कॉन्समेट, इन्कॉरिजिबल, इन्व्हेटरेट, कंजेनिटल, क्रॉनिक, पॅथॉलॉजिकल, अन्कॉन्शनेबल, ग्लिब आणि वर आलेले इग्रीजस. प्रत्येकाची छटा वेगळी आहे आणि लेखकाने ती नेमकी दाखवली आहे: एकाचा खोटेपणा गावाला ठाऊक आहे, दुसऱ्याचा कलेच्या पातळीवर पोचला आहे, तिसरा सुधारण्यापलीकडे गेला आहे, चौथ्याला सवय जडली आहे. वाचताना मला आपली विशेषणे आठवत राहिली. मराठीत चोर अट्टल असतो, गुन्हेगार सराईत असतो, गवई पट्टीचा असतो, पैलवान कसलेला असतो, शिक्षक हाडाचा असतो आणि थापाड्या, त्याची कला मान्य करायची असेल तर, तोही पट्टीचाच असतो. या पाचही शब्दांचा कोशातला अर्थ ‘मुरलेला, तरबेज’ याच्याच आसपास जातो. तरीही ‘अट्टल शिक्षक’ असे कुणी म्हटले तर आपण हसतो आणि ‘हाडाचा चोर’ म्हटले तर बोलणाऱ्याची मातृभाषा कोणती असा प्रश्न पडतो. आपल्याला हे कुणी शिकवले? कुणीच नाही. हजार वेळा ऐकून कोणत्या शब्दाला कोणाची संगत चालते हे कानाला कळले आहे.

इंग्रजीच्या बाबतीत आपल्याजवळ तो कान नाही आणि शब्द मात्र पुस्तकातून मिळाले आहेत, ही मराठी माध्यमातून आलेल्या वाचकाची खरी अडचण आहे. लुईस यांचे पुस्तक अमेरिकन वाचकासाठी लिहिलेले आहे. त्या वाचकाचा कान तयार होता. त्याला फक्त मोठे शब्द हवे होते. म्हणून नामाचे विशेषण कसे होते, विशेषणाचे क्रियापद कसे होते, हे पुस्तक कसून शिकवते, पण शब्दाच्या मागे कोणते शब्दयोगी येते, तो माणसाला लावतात की कृत्याला, होकारात वापरतात की नकारात, यावर ते फारसे थांबत नाही.

पुतणीने खोटारड्यांचे प्रकरण संपल्यावर दहा वाक्ये लिहून दाखवली. पहिलेच वाक्य होते: ‘माय ग्रँडमदर इज नोटोरियस फॉर हर पुरणपोळी.’ तिच्या डोक्यात एवढेच राहिले होते की सगळ्यांना माहीत असलेला तो नोटोरियस. माझी आई शेजारीच बसली होती. तिने अर्थ विचारला, मी कुप्रसिद्ध असे सांगितले, आणि त्या आठवड्यात पुरणपोळी झाली नाही. चूक गमतीची होती, पण ती लिहिणाऱ्या मुलीने जोड्या लावण्यात दहापैकी दहा गुण मिळवले होते, हे मला विसरता येत नाही.

माझी स्वतःची चूक कमी गमतीची होती. ‘कन्डोन’ हा शब्द या पुस्तकात कृतींच्या प्रकरणात येतो. त्यातला लॅटिन ‘डोनारे’ म्हणजे देणे, आणि आपले ‘दान’ त्याच मुळाचे. म्हणजे ‘क्षमादान’ असा जवळजवळ तयार मराठी शब्द मिळाला. न्यायालयाच्या कागदांत तो रोजच भेटतो, कारण लिमिटेशन ॲक्ट, १९६३ च्या कलम ५ खाली मुदत उलटल्यावर जो विलंब माफीचा अर्ज करतात, त्यालाच वकील मंडळी ‘कन्डोनेशन ऑफ डिले’ म्हणतात. एवढ्या पाठबळावर मी एका कौटुंबिक दाव्याच्या भाषांतरात ‘वडिलांनी मुलाला माफ केले’ याचे इंग्रजी ‘द फादर कन्डोन्ड द सन’ असे केले. तपासणाऱ्या वयस्कर वकिलांनी तो शब्द खोडला आणि समासात एवढेच लिहिले की कन्डोन कृत्य होते, माणूस नव्हे. माणसाला ‘फरगिव्ह’ करतात. शिवाय न्यायालयाबाहेरच्या इंग्रजीत हा शब्द बहुतेक वेळा नकार घेऊनच येतो: आम्ही हिंसेचे समर्थन करत नाही, असे म्हणताना. हे त्यांनी नंतर चहा घेताना सांगितले. अर्थ मला ठाऊक होता. संगत ठाऊक नव्हती.

त्याच प्रकरणातला ‘मिलिटेट’ हा शब्द तर ‘अगेन्स्ट’ची काठी घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. एखादी परिस्थिती एखाद्या गोष्टीच्या आड येते असे सांगायचे असेल तर ‘मिलिटेट अगेन्स्ट’ म्हणावे लागते. नुसते ‘मिलिटेट’ म्हटले की वाक्य लंगडते. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही इथे घसरतात आणि तीव्रता कमी करणे या अर्थाच्या ‘मिटिगेट’ला ‘अगेन्स्ट’ चिकटवून मोकळे होतात. एखादी गोष्ट करण्याची वेळच येऊ न देणे या अर्थाच्या ‘ऑब्व्हिएट’चे तसेच आहे, त्याच्या पुढे ‘द नीड’ आले की तो सुखात असतो. याच्या उलट ‘इक्विव्होकेट’ हा शब्द आपल्याला पुस्तकापेक्षा चांगला समजतो, कारण त्याचे संपूर्ण नाटक आपल्याकडे द्रोणपर्वात झालेले आहे. समान अधिक वाणी, असा त्याचा पिंड. त्यातला ‘व्हॉक्स’ आणि आपली ‘वाच्’ सख्ख्या बहिणी. सरळ खोटे न बोलता ऐकणाऱ्याची दिशाभूल होईल असे दुटप्पी बोलणे, म्हणजे ‘नरो वा कुंजरो वा’ करणे. मुलीला ही ओळ सांगितल्यावर वेगळे उदाहरण द्यावे लागले नाही.

परीक्षा घेणाऱ्यांनाही अर्थ आणि वापर यांतला हा फरक उशिरा का होईना कळला आहे. अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणाऱ्या आपल्या मुलांना जी जीआरई परीक्षा द्यावी लागत असे, तिच्यात ऑगस्ट २०११ पासून विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दसाधर्म्याचे प्रश्न काढून टाकले गेले आणि वाक्यातली गाळलेली जागा संदर्भ पाहून भरण्याचे प्रश्न आले. तरीही रात्र रात्र शब्दांच्या याद्या घोकणारी मुले मला आजही अभ्यासिकांत दिसतात, आणि त्यांच्या टेबलावर हेच पुस्तक असते, पण फक्त शेवटची शब्दसूची उघडलेली. लेखकाने पोटतिडकीने सांगितलेले ‘पाने गाळू नका’ हे त्यांनी पहिल्या दिवशीच गाळलेले असते.

पुस्तकाचे वय जागोजागी जाणवते. मानसशास्त्राचे शब्द आहेत ते फ्रॉइडच्या छायेतले. ‘न्यूरोसिस’ हा शब्द इथे चलनी नाण्यासारखा वापरला आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० च्या त्यांच्या निदानपुस्तिकेत स्वतंत्र निदानवर्ग म्हणून तो मोडीत काढला, म्हणजे या पुस्तकाची सुधारित आवृत्ती निघाल्यावर दोनच वर्षांनी. बायका, नवरे आणि लग्न यांवरचे काही विनोद त्या काळच्या अमेरिकन बैठकीच्या खोलीतले आहेत आणि आज वाचताना पान लवकर उलटावेसे वाटते. मधूनमधून येणाऱ्या व्याकरणाच्या विश्रांतीपाठांतला काटेकोरपणाही त्याच काळाचा आहे. ते वाचले नाहीत तरी चालेल. उच्चार अमेरिकन पद्धतीने, आघाताची अक्षरे मोठी छापून दाखवले आहेत. शब्दातल्या एका अवयवावर जोर देण्याची सवय मराठी जिभेला नाही, म्हणून ही सोय उपयोगी आहे. तरी ‘फिलॅन्थ्रपी’मधला जोर ‘फिलन्थ्रॉपिक’मध्ये पुढे सरकतो हे डोळ्यांनी वाचून नव्हे, कानांनी ऐकूनच पटते, आणि आता मोबाइलवर ते फुकट ऐकता येते.

उरलेली उणीव कशाने भरायची याचे माझे उत्तर जुनेच आहे: शेजारी एक चांगला विद्यार्थी-कोश ठेवावा. मी ऑक्सफर्डचा ॲडव्हान्स्ड लर्नर्स वापरतो. या कोशाचा जन्म इंग्लंडमध्ये झालेला नाही. ए. एस. हॉर्नबी हे शिक्षक १९२४ मध्ये जपानला गेले, तिथल्या मुलांना इंग्रजी शिकवताना त्यांना दिसले की मातृभाषिकांसाठी केलेले कोश परक्या विद्यार्थ्याला अर्थ सांगतात पण वाक्य करू देत नाहीत, आणि त्यातून सहकाऱ्यांबरोबर केलेला त्यांचा कोश १९४२ मध्ये टोकियोत प्रसिद्ध झाला; ऑक्सफर्डने तो १९४८ मध्ये हाती घेतला. परक्यासाठी केलेला असल्यामुळे त्यात आपल्याला हवे तेच असते. नाम मोजता येते की नाही, क्रियापदाला कर्म लागते की नाही, मागे कोणते शब्दयोगी येते, शब्द औपचारिक आहे की घरगुती, आणि दोनतीन खरी वाटणारी वाक्ये. अर्थ सांगताना निवडक सोपे शब्दच वापरायचे, हे पथ्य नव्या आवृत्त्यांनी पाळले आहे; त्यामुळे एक शब्द पाहायला जाऊन चार नवे शब्द अंगावर येत नाहीत. संकेतस्थळावर तो विनामूल्य पाहता येतो, तरी जाडजूड छापील प्रत चाळण्यात, शेजारचा शब्द नजरेत भरण्यात जी मजा आहे ती पडद्यावर नाही, असे माझे म्हातारे मत आहे.

म्हणून आमच्या घरी दुसऱ्या फेरीत असे ठरले की रोज अर्धा तास लुईस, आणि त्या दिवशीच्या शब्दांपैकी फक्त तीन शब्द कोशात पाहायचे. त्या तिघांची संगत लिहायची: मागे कोण येतो, पुढे कोण येतो, कुणाला लावलेला चालत नाही. मग प्रत्येकाचे एक वाक्य, आणि ते घरातल्या खऱ्या माणसाविषयी किंवा खऱ्या घटनेविषयी असले पाहिजे. ‘राम इज अ व्हर्सटाइल बॉय’ असली वाक्ये बाद. पुस्तक संपायला या वेगाने साडेतीन महिने लागले. बाकीचे शब्द विसरले गेले असतील. त्याचे दुःख करण्यात अर्थ नाही, कारण वाचनात ते पुन्हा भेटल्यावर ओळखीचे वाटतात आणि ओळखीपुरते हे पुस्तक पुरेसे आहे.

ज्याला वर्तमानपत्राचे इंग्रजी अग्रलेख अजून अडखळत वाचावे लागतात, त्याने हे पुस्तक लगेच घेऊ नये. आधी वर्षभर सोपी पुस्तके वाचावीत. ज्याला वाचता येते पण लिहिताना तेच ते वीस शब्द हाताशी येतात, त्याने जरूर घ्यावे, कोशासह घ्यावे. विकत घेताना मधले एखादे प्रकरण उघडून उत्तरांची पाने नीट छापली आहेत का ते दुकानातच पाहावे. आमची नवी प्रत नीट आहे. तिच्यातल्या खोटारड्यांच्या प्रकरणाच्या समासात पुतणीने नंतर वाक्य बदलून लिहिले आहे की आजी पट्टीची सुगरण आहे, आणि ‘पट्टीची’साठी इंग्रजीत तिने ‘कॉन्समेट’ वापरला आहे. कोश उघडून पाहिला, चालतो.